सातवीची पाठ

माझा स्वभाव संशयी आहे. पंचवीस वर्षं उल्हासनगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवली, आणि घरून करून आणलेल्या चित्रातली कुठली रेघ मुलाची नि कुठली त्याच्या ताईची, हे मी बसल्या जागी सांगत असे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्यामुळे संशय हा दुर्गुण आहे हे मला कुणी पटवू शकलं नाही. नवऱ्याने एकदा प्रयत्न केला, पण हे त्याला त्याच्या आईने शिकवून पाठवलं असणार, असा मला संशय आला.

माझा सगळ्यात जुना संशय सव्वीस वर्षांचा होता आणि तो एका गाण्याच्या दोन ओळींवर उभा होता.

सासूबाई धवलारीण. आगरी लग्नात प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. वांगणीच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या आणि आसपासच्या पाच-सहा गावांत सासूबाईंच्या आवाजाशिवाय हळद लागत नसे. मी अंबरनाथच्या बौद्ध घरातली, वडील कारखान्यात फिटर, आई बालवाडीत. आमचं लग्न रजिस्टर झालं. दोन्ही घरांत थोडी आदळआपट झाली, आणि दोन महिन्यांनी नवऱ्याच्या काकांनी निरोप धाडला की सून घरात आलीय तर अंगाला हळद लागली पाहिजे. माझे वडील म्हणाले, "आपण हे करत नाही. तुला करायचं तर कर, पण मान खाली घालून बसू नकोस." म्हणून मी पाटावर मान वर करून बसले, आणि मान वर असल्यामुळे मला सगळं दिसलं.

बायका एकेक करून हळद लावून जात होत्या. चुलत सासूबाईंनी, ज्यांना सगळे काकी म्हणतात, ती दोन बोटांच्या टोकांनी लावली, तव्यावरचा पापड उलटतात तशी. सकाळी याच काकींनी सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांत चहा दिला होता आणि मला एकटीला कान तुटलेल्या कपात. हे काही माझ्या मनाचे खेळ नव्हते, तो कप मी हातात धरला होता. आणि सासूबाई? त्या माझ्याकडे पाठ करून भिंतीशी बसल्या होत्या. अख्खी हळद होईपर्यंत एकदाही वळल्या नाहीत. नुसत्या गात होत्या, आणि गाता गाता त्यांनी हे म्हटलं:

सहा जनींच्या हातान हलद, सातवीच्या गल्यान गो,
सातवी बसली पाठ करून, तिला हाक मारू नका गो.

सहाजणींच्या हातात हळद, इथवर ठीक. सातवीच्या गळ्यात हळद म्हणजे काय? पाटावर बसल्या बसल्या मी अर्थ लावून मोकळी झाले. घशात अडकलेली, गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही, ती सातवी. म्हणजे मी. पाठ करून, म्हणजे त्यांच्या रीतींकडे पाठ फिरवून रजिस्टर लग्न केलेली. तिला हाक मारू नका, म्हणजे तिला आपल्यात घेऊ नका. पुढे काही दिवसांनी मी काकींना सहज विचारल्यासारखं विचारलं की ही ओळ फार जुनी आहे का. काकी म्हणाल्या, "नाय गो. तुझ्या हलदीपासून बोलते ती." मला आणखी काय पुरावा हवा होता?

त्यानंतर मी गावातल्या हळदींना जाणं टाळलं. शाळेचं निमित्त नेहमीच हाताशी असे. कधी गेलेच तर अंगणाबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ फोन कानाला लावून उभी राहायची. तरी स्पीकरवरून ती ओळ यायचीच. दर लग्नात, दर हळदीत. मला वाटायचं, ही बाई सगळ्या तालुक्याला माझी गोष्ट सांगत सुटलीय. तोंडावर मात्र आमचं अगदी गोड. त्या मला सुकट पाठवत, मी त्यांना साडी घेत असे. भांडणाऱ्या सासू-सुना परवडल्या, इतक्या आम्ही एकमेकींशी नीट वागायचो.

यंदा मुलीचं लग्न ठरलं, आणि तिने जाहीर करून टाकलं, "मम्मी, हळद गावालाच. नो डीजे. आजी लाइव्ह गाणार, फायनल." मुलगी माझ्या रक्ताची, आणि तिच्या अंगाला हळद लागताना तीच ओळ तिच्यावर पडणार. माझ्यावर पडली ती मी सोसली. तिच्यावर पडू द्यायची नाही, एवढं मी ठरवलं.

सरळ विचारलं असतं तर "गानं हाय गो ते" म्हणून सासूबाईंनी उडवून लावलं असतं. म्हणून मी त्या ओळीचं चित्र काढायला घेतलं. चित्र समोर आलं की माणसाचा चेहरा पटकन खरं बोलतो, हे मी शाळेत हजार वेळा पाहिलं होतं. चित्र त्यांच्यासमोर ठेवायचं आणि चेहरा पकडायचा. चार फूट बाय तीन फुटांचा कॅनव्हास आणला. पिवळा रंग तर इतका लागला की उल्हासनगरच्या दुकानातले सिंधी काका तिसऱ्या खेपेला म्हणाले, "मॅडम, शादी घर में है या पेंटिंग में?" मी म्हटलं, दोन्हीकडे. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मग सूट दिली.

सहाजणी पटापट झाल्या. कुणाच्या हातात वाटी, कुणाचा हात नवरीच्या खांद्याकडे, एक वाकून पायांना लावतेय. काकींची दोन बोटं मी विशेष काळजीने काढली. नवरी मधोमध, तोंड अर्धवट. अडकलं ते सातवीपाशी. नुसत्या पाठीवरून ती बाई कोण आहे हे कळलं पाहिजे. शेवटी मी नवऱ्याला फोनवर माझाच फोटो काढायला सांगितला, मागून, भिंतीकडे तोंड करून बसलेला. त्याने सहा-सात काढले आणि म्हणाला, "तू आणि आई, जे काय असेल ते बघून घ्या. मला मध्ये घेऊ नका." म्हणजे ह्यालाही काहीतरी ठाऊक आहे, असं मी मनात टिपून ठेवलं. त्या फोटोवरून मी माझीच पाठ रंगवली.

त्याच सुमारास सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्या शहरातल्या घरी, नदीकाठच्या मांजर्लीला, राहायला आल्या. घर पहिल्या मजल्यावर आहे, पावसाळ्यात नदीचं पाणी तळमजल्यापर्यंतच येतं म्हणून मुद्दाम घेतलेलं. चित्र बाल्कनीत, स्टँडवर. मी ते झाकलं नाही. एका डोळ्याने त्यांना फक्त उजेड दिसायचा आणि दुसऱ्याने माणसांचे आकार, तेव्हा झाकायचं कशाला? तरी मला वाटे, दिसत नाही म्हणतात पण ताटातली मिरची बरोबर बाजूला काढतात.

दुसऱ्या दिवशी त्या बाल्कनीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "रंगाचा वास येतंय. कनाचा चित्र हाय?"

"हळदीचं," मी म्हटलं.

"बाया किती?"

"सात."

त्या दाराची चौकट चाचपत आत गेल्या आणि त्या दुपारी नेहमीच्या दोन चपात्यांऐवजी एकच खाल्ली. तीही नोंद मी करून ठेवली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा मिळाला, दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. त्या दिवशी मी जिना चढताना मनाशी वाक्यं जुळवत होते. त्यांना चित्रासमोर खुर्चीवर बसवायचं, काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं. पण घरात आल्या आल्या त्या आपल्या आपण बाल्कनीत गेल्या. चष्मा कपाळावर सरकवला आणि कॅनव्हासच्या इतक्या जवळ गेल्या की नाकाला रंग लागेल असं मला वाटलं. मी बाजूला उभी राहून त्यांचा चेहरा बघत होते. लाज, चोरी पकडल्याची खूण, राग, काहीतरी दिसेल म्हणून वाट पाहत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. तशी आठी मुलांच्या वह्या तपासताना माझ्या कपाळाला पडायची.

"ही गात नाय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ही सातवी. गानारीची पाठ अशी नसते गो. गाताना दम भरावा लागतो, बरगड्या उघडतात, मान वर जाते. ही कनाला खांदं टाकून बसलीय?" मग बोट पुढे करून, रंगाला न लावता, त्यांनी माझ्या पाठीची कड हवेत फिरवली. "ही रुसलेली बाई हाय. ही तर तुझी पाठ."

मी खुर्चीवर बसले. ती त्यांच्यासाठी ठेवलेली होती.

"आई, सातवी म्हणजे गाणारी?"

"मंग कोन? सहा जनी हलद लावतान, सातवी गाते. तिना हात लावाचा नाय, म्हनून तिची हलद गल्यान."

"हात का नाही लावायचा?"

त्यांनी मला इतकंही कळत नाही का, अशा नजरेने पाहिलं. "नवरा नाय ना तिचा. हाक मारली की मानूस वलतंय. वलली की नजर परते नवरीवर. म्हनून पाठ करून बसाचा, नी हाक मारू नका बोलाचा."

माझे सासरे काविळीने गेले तेव्हा सासूबाई सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि माझा नवरा सात वर्षांचा. हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. तारखा, आजार, सगळं माहीत. पण आमच्या घरी माझी विधवा आत्या माझ्या भावाच्या लग्नात सगळ्यात पुढे होती, लाल काठाच्या साडीत, आणि नवरीला पहिला घास तिनेच भरवला होता. त्यामुळे एखादी बाई हळदीकडे पाठ करून बसते याचं असं कारण असेल, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. माझ्याकडे पाठ केली म्हणजे माझ्यामुळेच केली, एवढंच मी धरलं. आणि त्यानंतरच्या एकाही हळदीत मी आत जाऊन पाहिलं नाही की ती पाठ तिथेही तशीच आहे का. मला माझी मनापासून लाज वाटली.

तरी संशय मेला नव्हता. मी विचारलं, "पण ती ओळ तुम्ही माझ्या हळदीपासूनच म्हणायला लागलात ना?"

"तुझ्याच हलदीन आली ती तोंडान. दुसऱ्यांच्या पोरींना पाठ केली त्याचा मना कदी काय वाटला नाय. गानारीचा काम हाय ता. पन माझ्या पोराची बायको पाटावर, नी मी भिंतीशी बोलतंय." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "मंग ठेवली. हरेक लग्नान बोलते. लोकांना वाटते जुनीच हाय."

"राग नव्हता माझा?"

"व्हता. पोरानं न इचारता केला म्हनून व्हता. नी तुमची जात पन टोचली व्हती, खोटा कनाला बोलू. पयला वरीस टोचली. पन ती पाठ त्या रागाची नव्हती."

टोचल्याचं त्यांनी कबूल केलं नसतं, तर बाकीच्या कशावर माझा विश्वास बसला नसता. सगळं गोडगोड सांगणाऱ्या माणसाचं मी एक अक्षर खरं मानत नाही.

त्या संध्याकाळी मी लग्नाचा अल्बम काढला. हळदीच्या एका फोटोत, अगदी कोपऱ्यात, त्यांची पाठ आहे. हा फोटो मी कितीदा तरी पाहिला होता आणि दर वेळी पान उलटलं होतं. या वेळी भिंग घेऊन पाहिलं. मान वर, बरगड्या उघडलेल्या, त्या म्हणाल्या तशीच. आणि डावा हात मागे, जमिनीवर, पंजा माझ्या पाटाच्या दिशेने. आधारासाठी टेकला असेल, असं माझा स्वभाव लगेच म्हणाला. असेलही. पण टेकायला समोर भिंत असताना मागे हात टेकायची काय गरज, हेही त्यानेच विचारलं.

दुसऱ्या दिवशीपासून त्या माझ्यासाठी बसू लागल्या. बाल्कनीच्या भिंतीकडे तोंड करून, चटईवर, थेंब घालून झाल्यावर अर्धा तास. नुसत्या बसल्या तर पाठ जमेना, म्हणून गायला सांगितलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका खिडक्यांत येऊन उभ्या राहिल्या. माझी रुसलेली पाठ मी खरवडून काढली आणि तिच्या जागी गाणारी बसवली. मानेच्या मागची ती उतरती रेघ मला तीन दिवस हुलकावणी देत होती. चौथ्या दिवशी जमली. त्या उठून जवळ आल्या, पाहिलं, आणि म्हणाल्या, "आता बराबर. ही पाठ पुसू नको. इतकी वर्सं बसले, कुनाला तरी दिसू दे."

मी तीच संधी साधली. म्हटलं, "आई, आपल्या पोरीच्या हळदीला पाठ करून बसायचं नाही. तुम्ही पण हळद लावायची."

"नाय."

"का?"

"पोरीच्या संसाराचा खेल नको. बाकी काय पन सांग." आणि त्या चटई गुंडाळायला लागल्या. मला त्यांचा पुन्हा राग आला, खूप आला. सव्वीस वर्षं मी ज्या पाठीवर चिडले होते तिच्यावरच पुन्हा चिडले होते, पण आता ती पाठ वळवायची होती आणि ती वळत नव्हती. मुलीच्या हळदीला नऊ दिवस उरले होते. रोज एकदा मी विषय काढायची आणि रोज एकदा त्या नाय म्हणायच्या. मुलीला मी काही बोलले नाही. तिने काही गडबड केली तर ती माझीच चाल आहे हे त्यांना कळलं असतं. त्याही काही कमी संशयी नाहीत.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव, पिवळे पडदे, मुलीच्या गळ्यात-कानांत फुलांचे दागिने. सासूबाई हातात माइक घेऊन भिंतीशी बसल्या, पाठ करून. मी त्यांच्या आणि पाटाच्या मध्ये वाटी धरून उभी राहिले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी हळदीच्या आत होते. काकी आल्या, दोन बोटांनी हळद लावून गेल्या. त्या सगळ्यांना तशीच लावतात, हेही मला त्या दिवशी कळलं. सहावी बाई लावून बाजूला झाली आणि स्पीकरवर ती ओळ सुरू झाली.

सातवी बसली पाठ करून, तिला हाक...

"आई," मी हाक मारली.

गाणं थांबलं. मला वाटलं होतं, हाक मारली की वळतील. नाही वळल्या. तशाच बसून राहिल्या, मान वर, दम भरलेला, आणि तो सोडायचा राहिलेला. मी पुन्हा म्हटलं, "आई, इकडे बघा."

"गाऊ दे गो तिला," काकी मागून म्हणाल्या. "आजच्या दिवशी कनाला?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, कान तुटलेल्या कपासकट. पण मुलगी मध्येच बोलली. पाटावरून हलायचं नसतं म्हणून बसल्या जागेवरून वाकून. "आजी, इधर देख ना. माझा हा गाल बाकी आहे, सबने एकच साइडला लावलीये."

सासूबाई भिंतीकडे तोंड करूनच बोलल्या. माइक चालू असल्यामुळे ते सगळ्या अंगणाने ऐकलं. "माझी नजर लागंल गो तुला."

"लागू दे," मुलगी म्हणाली. "तुझीच आहे ना?"

त्यांनी माइक जमिनीवर ठेवला. तो खरखरला. मग एका हातावर भार देत त्या हळूहळू फिरल्या, आधी गुडघे, मग कंबर, सगळ्यात शेवटी तोंड. काळा चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. मी वाटी पुढे केली. हात धरावा असं फार वाटलं, पण धरला नाही. त्यांनी बोटं वाटीत बुडवली आणि नातीच्या उरलेल्या गालाला लावली, कानापासून हनुवटीपर्यंत, एकदाच.

मग हात मागे घेऊन त्या आपल्या पिवळ्या बोटांकडे बघत बसल्या. मी जवळ वाकले, म्हटलं, काय झालं आई?

"गार असते गो," त्या म्हणाल्या. "मी इसरले व्हते."